डावे दोन, पुढे खडी

बालेवाडीच्या हॉटेलात एसी इतका
की शालीवर शाल घ्यावी असं वाटलं.
तेविसावी रांग, निवृत्त कर्मचारी.
शेजारी प्रेस शॉपचे लोणकर,
त्यांनी आधी जेवणाची चौकशी केली, मग माझी.

स्टेजवर निळ्या मखमलीखाली काहीतरी लांबुडकं,
आणि त्याच्यापुढे श्रीरंग दाबके,
कार्यकारी संचालक, पांढरे बूट, गालापाशी माईक.
म्हणाला, ‘रेसिंग आमच्या रक्तात आहे.’
टाळ्या.
त्याचा रक्तगट बी निगेटिव्ह.
माझ्या हेल्मेटच्या आत लिहिलेला असायचा,
माझा त्याच्या.

एक्क्याण्णव साल. मी ड्रॉइंग विभागात ट्रेसर.
त्याला असं कुणी हवं होतं
ज्याला गाडी लागत नाही
आणि ज्याचं अक्षर धक्क्यातही वाचता येतं.
पहाटे साडेतीनला बोपदेव घाटात
टॉर्च दातात धरून मी वळणं उतरवायची
शंभर पानी वहीत:
उजवे चार, कडा.
डावे दोन, आत घेऊ नको, पुढे खडी.
उंचवटा, पलीकडचं दिसत नाही, तरी दाब.

परत येताना सासवड नाक्यावर चहा,
आणि साडेआठला कार्ड पंच.
लोक काय बोलत, ते लोकांनाच विचारा.
गाडीत तो एकच शब्द बोलायचा: ‘पुढे?’
खरं तर रस्ता तो पाहायचाच नाही.
ऐकायचा.

मग तो वर चढत गेला, जिन्याने नव्हे, लिफ्टने.
रेसिंग विभाग बंद करायच्या फायलीवर
शेवटची सही त्याची, हिरव्या शाईत.
मला माहीत आहे, कारण ती फाइल
माझ्याच टेबलावरून रेकॉर्ड रूमला गेली.
मी नंबर टाकला. दोरी बांधली.
वही त्यात नव्हती.
वही माझी होती.

अंधार. मखमल सरकली.
गाडी विजेवरची, म्हणजे मुकी.
म्हणून आवाज स्पीकरमधून सोडला.
पोरं ओरडली, लोणकरांनी कान झाकले
आणि मी खुर्चीचा हात धरला.

तो आमचा आवाज होता.
दुसऱ्या गिअरला होणारी ती किरकिर,
जिच्यासाठी गॅरेजमधल्या यासीनभाईंनी तीन रात्री काढल्या
आणि शेवटी म्हणाले, राहू द्या, तिचा स्वभाव आहे.
डॅशबोर्डला चिकटवलेल्या टेपरेकॉर्डरची
ती जुनी कॅसेट कुणीतरी शोधून काढली होती,
धुऊन पुसून, माझा आवाज काढून टाकून.
स्वच्छ काम. शंका घ्यायला जागा नाही.
फक्त प्रत्येक वळणाआधी
इंजिनाच्या मागे एक श्वास राहून गेलाय.
तो कुणाला काढता आला नाही,
किंवा तो इंजिनाचाच आहे असं वाटलं असेल.

श्वास.
मी म्हणाले, ‘उजवे चार, कडा.’
श्वास.
‘उंचवटा.’
लोणकरांनी माझ्याकडे पाहिलं.

स्टेजवर दाबके हसत उभा, एक हात बॉनेटवर.
दिव्यांची उघडझाप चालली होती,
त्यामुळे खात्रीने सांगत नाही,
पण पुढच्या श्वासाला
त्याचं डोकं किंचित डावीकडे झुकलं
आणि उजव्या बुटाची टाच उचलली गेली.
‘डावे दोन,’ मी म्हणाले.
तेवढ्यात कागदी चांदण्या उडाल्या,
आणि मंत्र्यांनी चावी स्वीकारली.

जेवणात जिलबी होती, मठ्ठा संपला होता.
जाताना प्रत्येकाला एक पिशवी:
किचेन, पेन, त्याच्या फोटोखाली वारशाबद्दल चार ओळी.
तो निघताना आमच्या रांगेकडे हात हलवून गेला,
सगळ्या रांगेकडे.

रिक्षा मिळाली पावणेअकराला.
विद्यापीठाच्या चौकात मेट्रोचं खोदकाम,
पत्रे, लाल दिवे, अर्धा रस्ता गायब.
‘डावीकडे घे,’ मी म्हणाले, ‘आत नको जाऊ, पुढे खडी आहे.’
आरशात बघत रिक्षावाला म्हणाला,
‘मावशी, रोजचा रस्ता आहे माझा.’

आणि खडीवरून घसरला.